महालक्ष्म्या रायपूरला येणार

८ जुलै २००२
ऐतिहासिक दिवस. नागपूरहून दिवाकरदादाचा फोन. पद्मिनीवहिनीची कंबर गेली आहे, दोघं आता मुलाकडे पुण्याला राहणार. तिथं घरच्या महालक्ष्म्या बसवणं होणार नाही. मुखवटे कुणाला द्यायचे ते वहिनी ठरवेल म्हणे.
ठरवायचं काय त्यात? आजोबा, बाबा, दादा, मी. सरळ क्रम आहे. शिवाय रायपूर आता छत्तीसगडची राजधानी.
शर्मिष्ठाला सांगितलं. ती म्हणाली, हं. बायकोचा पाठिंबा असा असावा.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. कांदा-लसूण बंद. रोजनिशी शुद्ध मराठीत. वारसदाराला मले-तुले शोभत नाही.

९ जुलै
सव्वाआठला उठलो. गजर शर्मिष्ठानं बंद केला असणार. ती आपली आपण उठते, तिला गजराची किंमत काय!

१२ जुलै
ऑफिसात जाहीर केलं. तिवारीसाहेब खूश. म्हणाले, अच्छा, खानदानी चीज़ है! लगेच आमंत्रण देऊन टाकलं. मागून अख्खा सेक्शन आला, त्यांनाही दिलं. वारसा म्हटला की मन मोठं पाहिजे.
येताना बूढ़ापाऱ्यात आलूगुंडे, म्हणजे इकडचे बटाटेवडे, खाल्ले. त्यात लसूण असतो हे तिसरा संपल्यावर लक्षात आलं. अजाणतेपणी झालेलं मोजत नाहीत.

२१ जुलै, रविवार
महालक्ष्म्यांच्या जेवणाला साहेबांपुढं चार शब्द बोलावे लागणार. परंपरा या एकाच शब्दावर किती वेळ नाचायचं? म्हणून बसून तयारी केली. परंपरा, वारसा, रीत, कुळाचार. पिढीजात, वंशपरंपरागत, अखंड, अव्याहत. परंपरा पाळतात, जपतात, राखतात, पुढं नेतात, मोडतात.
शर्मिष्ठाला वाचून दाखवलं. ती सोळा भाज्यांचा हिशेब मनात करत असावी, कारण म्हणाली, यात करतात हा शब्द कुठं आहे?
तिला भाषेची गोडी नाही.

२८ जुलै
वहिनीचा फोन. इकडच्या तिकडच्या गप्पा, पण मी ओळखलं की परीक्षा घेऊन राहिली. विचारलं, भाऊजी, आंबील कशाची असते? मी म्हणालो, आपल्या घरची खासच असते. कशाची पण? म्हणालो, ताकाची. पूजेच्या दोरकाला किती गाठी? म्हणालो, पुरेशा. ज्येष्ठा कोणत्या बाजूला बसते? म्हणालो, ज्येष्ठतेनुसार.
वहिनी म्हणाली, शर्मिष्ठाला द्या फोन. भारावली असावी.
नंतर शर्मिष्ठाकडून कळलं, आंबील ज्वारीची. दोन वाट्या खातो मी दरवर्षी. पण खाणाऱ्यानं कशाला विचारायचं?

११ ऑगस्ट
शर्मिष्ठा दोन दिवस नागपूरला. वहिनीशी बोलायचं आहे म्हणाली. माझी बाजू मांडायला गेली बिचारी. गाडीत बसवून आलो.
आमची पोट्टी क्षमा आणि मी घरी. क्षमानं मॅगी केली. मी कांद्याशिवाय मागितली. ती म्हणाली, पापा, बना लो फिर. कांद्यासकट खाल्ली.

१४ ऑगस्ट
जिंकलो! वहिनीनं मुखवटे द्यायचं कबूल केलं. फक्त एक शंका काढली. नागपूरला तिघी-तिघी खपायच्या तेव्हा कुठं स्वयंपाक उरकायचा. रायपूरला शर्मिष्ठा एकटी. दुसरा हात कोणाचा?
मी ताडकन म्हणालो, मी आहे ना!
वहिनी म्हणाली, सोवळ्यात? ओट्यापुढं? शेवटपर्यंत?
म्हणालो, हव, त्यात काय! बोलण्याच्या भरात माणूस म्हणतोच. तर वहिनीनं देवीची शपथ घालून पुन्हा वदवून घेतलं. फोन ठेवला तेव्हा शर्मिष्ठा हसत होती. लग्नानंतर इतकी हसलेली पाहिली नाही.

१ सप्टेंबर
सराव. पुरणपोळी लाटली. क्षमा म्हणाली, अरे वा, ये तो छत्तीसगढ़ का नक्शा बन गया, नीचे बस्तर भी है. मुलीला राज्याचा अभिमान आहे, बरं वाटलं. बस्तर तव्यावर चिकटलं.
एकूण अवघड काही नाही. दोन-चार दिवसांत हात बसेल.

८ सप्टेंबर
हात बसला नाही. आजचा सराव ऑफिसच्या कामामुळे रद्द. रविवार असला म्हणून काय झालं?

१२ सप्टेंबर
महालक्ष्म्या आल्या! दादा आणि वहिनी स्वतः घेऊन आले. उंबऱ्यापासून हळदीकुंकवाची पावलं. मुखवटे बसले, साड्या नेसवल्या, डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं नाही लिहीत. आई-बाबा हवे होते.
भाषण पाठ आहे. मोरपंखी कुडता इस्त्री करून टांगला.

१३ सप्टेंबर, महालक्ष्म्यांचं जेवण
दोन बोटं भाजली आहेत, अक्षर वाकडं येईल.
अंधारातच उठवलं. गार पाण्यानं आंघोळ, ओलं सोवळं, आणि गॅससमोर उभा. वहिनी दारात खुर्ची टाकून हुकूम सोडत होती. सोळा भाज्या, पडवळाची कढी, वडे, पुरण. चाखायचं नाही, नैवेद्याआधी जिभेला लावायचं नाही. मग मिठाचं कसं कळणार म्हणून विचारलं. दोघी म्हणाल्या, अंदाजानं.
आंबील मी घोटली. सबंध. खांदे भरून आले.
साहेब आले तेव्हा मी वडे तळत होतो. सोवळ्यात बाहेर जाता येईना. कुडता खुंटीवरच. बाहेर दादानं चार शब्द सांगितले, माझ्यापेक्षा बरे. साहेबांनी भाभीजींचं कौतुक केलं. सेक्शनमधल्या एकानं आत डोकावून मला म्हटलं, महाराज, पानी मिलेगा? दिलं.
पंगतीवर पंगत. दादा ओरडून आंबील मागायचा, मी पाठवायचो.
चार वाजून गेल्यावर शेवटच्या पंगतीला शर्मिष्ठा आणि मी. क्षमा वाढत होती. आंबील संपलेली. भांडं पुसून निघालं होतं. मी चिडलो. म्हणालो, मीच घोटली अन् मलेच नाही? काहून?
शर्मिष्ठा म्हणाली, शेवटच्या पंगतीले कधी उरते का?
मग नागपूरले तू कधी खायची?
म्हणाली, आधी चाखता येत नाही, मग राहत नाही. वीस वर्षं करून राहिली, चव नाही माहीत. म्हणून तर परतताना गाडीत तुम्हाले विचारत होती, मीठ बरोबर होतं का.
विचारायची. दरवर्षी विचारायची. मी पोट भरून पेंगत असायचो.
काय सांगायचो, मले आठवत नाही.