उंचीचा काटा चालता राहावा

मी, नर्मदाबाई मोतीलाल पाटील, वय चौऱ्याहत्तर, राहणार म्हसावद, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाविना लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामी त्यांची गरज नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व केळीची जमीन मुलगा धीरज याला. दागिने व माझी सर्व पुस्तके मुलगी हेमांगी हिला. चौथीत माझी शाळा सुटली, पुढचे सगळे मी या पुस्तकांकडून शिकले, म्हणून ती रद्दीत घालू नयेत. बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी. यावर भांडण होणार नाही. होईल ते पाचव्या कलमावर, म्हणून त्याआधी सगळे सविस्तर लिहिते.

२. माझे पती कै. मोतीलाल हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होते. हंटर आणि नॅट या लढाऊ विमानांची यंत्रे त्यांच्या हाताखालून गेली. निवृत्तीनंतर, मोडीत निघालेल्या विमानांचे सामान लिलावात घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून त्यांनी तीन वस्तू पावतीसह आणल्या: होकायंत्र, उंची दाखवणारे यंत्र आणि वैमानिक जमिनीशी बोलत तो खटक्यांचा रेडिओ.

ढगात शिरल्यावर वैमानिकाला वर कुठे, खाली कुठे कळत नाही. तेव्हा वाटीएवढ्या काचेमागचा काटाच खरा. होकायंत्राशेजारी एक कार्ड लावलेले असते. विमानातल्या लोखंडामुळे काटा कोणत्या दिशेला किती चुकतो, ते त्यावर लिहितात. चूक मोजायची, लिहायची आणि वैमानिकाच्या डोळ्यांसमोर लावायची. इतका प्रामाणिकपणा माणसांत मी फार थोडा पाहिला.

रेडिओतला बोलणे पाठवण्याचा भाग त्यांनी काढून टाकला होता. चालू केला की आतल्या नळ्या तापेपर्यंत थांबावे लागते, मग नुसती खरखर. ती खरखरही ते मान तिरपी करून ऐकत. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली. मी अजून कधीतरी रेडिओ लावते.

३. उंचीचे यंत्र खरे तर हवेचा दाब मोजते. दाब उतरला की जमिनीवर बसल्याबसल्या काटा चढतो. रोज दुपारी थोडा चढतोच. पण एका जेठ महिन्यात तो सकाळपासून चढतच राहिला. यांनी गावात सांगितले, वारा येतोय, केळीचे तयार घड उतरवा, बाकीच्यांना टेकू द्या. माझे धाकटे दीर भाईदास पारावर सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा, तुन्हं घर उडी ऱ्हायनं का? आम्हले बी बसाड!" लोक पोट धरून हसले. संध्याकाळी भाईदासभाऊंची केळी आडवी झाली, आमची निम्मी उभी राहिली. ते हसणे मी बरीच वर्षे मनात ठेवले होते.

पण दुसऱ्या दिवसापासून भाऊ रोज सकाळी चहाला येऊ लागले. चहा त्यांच्या घरीही होतो. इथे येऊन ते काचेवर हलकी टिचकी मारतात, अडकलेला काटा सुटू देतात, मग वाचतात आणि आपला मुलगा अमृत याला फोन करून काटा कुठे आहे ते सांगतात. दादा गेल्यावरही एक दिवस चुकला नाही.

४. धीरजने हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला शब्द दिला आहे. तो यंत्रांची पोटे रिकामी करून आत दिवे बसवणार आणि भिंतीवर लावणार. "माय, हाई भंगार ठेईसन काय करशी?" मी म्हणाले, "तुन्हा बापना डोया काढीसन भितले लावात तं चाली का तुले?" बापाच्या डोळ्यांचे नाव काढल्यावर त्याने विषय बदलला, पण बेत सोडला नाही. धीरज वाईट नाही. ही यंत्रे चालू असताना त्याने कधी थांबून पाहिलीच नाहीत, इतकेच.

५. म्हणून तिन्ही वस्तू भाईदास पाटील यांना व त्यांच्यामागे अमृतला देते. विकू नयेत. होकायंत्राजवळ लोखंड ठेवू नये. उंचीच्या यंत्राचे मागचे भोक बुजवू नये, त्यातूनच त्याला हवा कळते. काट्यांवर जुना रेडियमचा रंग आहे, तो अंगाला घातक, म्हणून काच कोणी उघडू नये. दसऱ्याला ही यंत्रे पूजेत जरूर मांडावीत, पण हळद-कुंकू न उधळता नुसते फूल ठेवावे. माझ्या सासूबाई तापीबाई यांनी भक्तीने कुंकू वाहिले, ते त्या भोकातून आत गेले आणि यांना यंत्र पूर्ण खोलावे लागले होते.

६. भाईदासभाऊ आज साक्षीदार म्हणून इस्त्रीचा सदरा घालून आले. वकिलांनी सांगितले, ज्यांना काही मिळणार आहे त्यांनी साक्षीला सही न केलेली बरी. भाऊंनी विचारले, "मले काय मियनार शे?" मी पाचवे कलम वाचून दाखवले. त्यांनी उठून काचेवर एक टिचकी मारली. मग म्हणाले, "भाबी, मी तुन्हा पहिले गऊ तं?"

"तं अमृतले. लिखेल शे."

"परत वाच."

मी परत वाचले. त्यांनी खिशातून काढलेला पेन त्यांच्या जागी साक्षीला बसलेल्या नवलसिंगभाऊंच्या हातात दिला. त्याच पेनने पुढच्या सह्या होत आहेत.

लिहून देणार: नर्मदाबाई मोतीलाल पाटील (सही)

साक्षीदार, आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. नवलसिंग गिरासे, म्हसावद (सही)
२. उमेदमल चोरडिया, किराणा दुकानदार, शहादा (सही)

ठिकाण: म्हसावद
दिनांक: ९ जून २०२५