बंदूक बरी आहे

एल्म, ६ एप्रिल १९८६

चि. बाल्झ यास आफ्राताईचे अ. उ. आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम, म्हणजे तसं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. दोन वासरं झाली, बर्फ अजून खिडकीखाली आहे. बाबांनी आज कॉफीत साखर समजून मीठ घातलं आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, पण चुकलं म्हणून कबूल केलं नाही.

आज तुझ्याशी भांडायला बसले आहे. काल फोनवर तुझी बायको ओदील बोलून गेली, की तू बाबांची बंदूक उघडून ठेवली आहेस. नवी नळी घालणार आणि वर भोकं पाडून दुर्बीण बसवणार. अरे, डोकं ठिकाणावर आहे का? दरवर्षीच्या मैदानी नेमबाजीच्या स्पर्धेला लष्करानं दिली तशीच बंदूक लागते, हे तुझ्यासारख्या कारागिराला मी सांगायचं? दुर्बीण दिसली की तपासनीस दारातूनच परत पाठवील. बाबा १९३४ पासून एक वर्ष चुकलेले नाहीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी साऱ्या गावादेखत त्यांनी बंदूक काखेत मारून माघारी यायचं?

हातांना खाज सुटली असेल तर ओदीलचं शिवणयंत्र दुरुस्त कर. तिला आणि मुलांना माझी आठवण सांग.

तुझी काळजी करणारी,
आफ्राताई

०

बील, ११ एप्रिल

ती. आफ्राताईस बाल्झचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, कान उपटले गेले. ओदीलचं यंत्र उत्तम चालतं, तेव्हा तो मार्ग बंद आहे.

ताई, बेत माझा नाही. बाबांनीच बंदूक हातात देताना बजावलं, की नळी झिजली आहे, गेल्या वर्षी स्पर्धेतला बिल्ला हुकला तो तिच्यामुळेच, नवी घाल आणि आफ्राला कळू देऊ नकोस. दुर्बिणीचं खूळ तेवढं माझं, ते सोडलं. नळी लष्करी मापाची असली तर नियमाची हरकत नाही.

पण पुढे ऐक. काम सुरू करण्याआधी बंदूक पकडीत आवळली आणि तीनशे मीटरवर दहा गोळ्या झाडल्या. दहाच्या दहा भोकं माझ्या एका तळहाताखाली झाकली गेली! लष्करानं केव्हाच मोडीत काढलेली, पन्नास वर्षांची म्हातारी, आणि आमच्या क्लबातले नव्या बंदुकांवाले आ वासून बघत राहिले. मला मात्र घाम फुटला. नळी एवढी चांगली आहे, तर गेल्या वर्षी बाबांच्या हुकलेल्या सहा गोळ्या गेल्या कुठे?

आता बदलली, तर सोन्यासारखी बंदूक बिघडवल्याचं पाप माझ्या माथी. नाही बदलली, तर का नाही ते सांगावं लागेल. ते सांगायची माझी छाती नाही. तू जवळ आहेस, तूच सांग ना. नाहीतर मी आहे तशीच परत धाडतो आणि बदलली म्हणून लिहितो.

आपल्याकडच्या हिरव्या चीजची वडी पाठव. इथल्याला चव नाही.

तुझा रागसुद्धा हवासा वाटणारा,
बाल्झ

०

एल्म, १९ एप्रिल

चि. बाल्झ यास अ. उ. आ.

वडी पाठवली आहे. खा, आणि मग नीट वाच.

तुला लिहिलं नव्हतं, पण मार्चमध्ये बाबांनी ट्रॅक्टर पुलाच्या कठड्याला घासला. मागे माझी माडलेन बसली होती. वीतभर इकडे तिकडे झालं असतं तर पोर नदीत गेली असती. बाबा म्हणाले, ब्रेक लागला नाही. मेकॅनिक आणला, ब्रेक ठणठणीत. दूध सांडलं तर भांड्याचा कान वाकडा असतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणाले की त्यांचे डोळे चांगलेच आहेत, हल्ली दिवेच मंद बनवतात. हसू नकोस. मीही आधी हसले होते.

आता तू नळी बदललीस, म्हणजे दोष बंदुकीचा होता, ब्रेकचा होता, दिव्यांचा होता. मग जूनमध्ये गवत आणायला ते त्याच ट्रॅक्टरवर चढणीला जाणार आणि माडलेन हट्टानं मागे बसणार. मी किती दिवस किल्ली पिठाच्या डब्यात लपवू? मी सांगून पाहिलं. माझं म्हणणं म्हणजे बायकांची भुणभुण. तुझं ऐकतील, कारण तुझे हात यंत्रातले आहेत.

म्हणून हात जोडते. नळीला हात लावू नकोस आणि खोटंही लिहू नकोस. तीनच शब्द लिही, की बंदूक बरी आहे. रागावतील, दोघांशी अबोला धरतील. धरू देत.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
आफ्राताई

०

बील, ४ मे

ती. आफ्राताईस सा. न. वि. वि.

नाही जमलं गं. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, की नवी नळी घातली, आता काळजी नसावी. बंदूक तशीच्या तशी आगगाडीनं पाठवली आहे. मी भित्रा आहे, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. किल्लीचा डबा बदल. माडलेनला जप.

माफीचा धनी,
बाल्झ

०

एल्म, २ जून

चि. बाल्झ यास बाबांचे आशीर्वाद.

ओळी वाकड्या असतील. आफ्राकडून लिहून घ्यायचं नव्हतं.

तुझी नवी नळी मिळाली. तिच्या तोंडापासून चार बोटांवर ओरखडा आहे. चाळीस साली खिंडीतल्या पहाऱ्यावर मी कड्यावरून घसरलो, तेव्हा मीच पाडलेला. हल्ली नळ्या ओरखड्यासकट मिळतात वाटतं! गाढवा, मी डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं बघतो. आता सांगायला हरकत नाही.

आधी तुझा संताप आला. मग गोठ्यात बसून विचार केला, की हा पोरगा उगाच खोटं कशाला लिहील? उत्तर मला दोन वर्षं ठाऊक होतं. उठलो आणि आफ्राला सांगितलं, की पिठाच्या डब्यातली किल्ली आता तुझीच. ती रडायला लागली. म्हटलं, रडतेस काय, मी काही मेलो नाही अजून.

ग्लारुसच्या डॉक्टरनं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. उजवा सतरा तारखेला काढणार.

काल मैदानावर गेलो. चौतीस सालापासून पहिल्यांदाच मी नेम धरला नाही. आफ्रा माझी बंदूक घेऊन पालथी झोपली. पंधरा दिवस तिच्याकडून रिकाम्या बंदुकीवर घोटून घेतलं होतं. पहिली गोळी सुटली, आणि पलीकडे निशाणाखालच्या खंदकात बसलेल्यांनी काठी उंच करून गुण दाखवले. सगळे ओरडले. मला नुसतं पांढरं दिसलं. शेजारच्या हाइरीला विचारावं लागलं, किती? चार, म्हणाला. चारच्या वर नसतातच. पुढच्या गोळ्यांचं विचारू नकोस.

ऑपरेशन म्हणजे दाढ काढण्यासारखं, असं मी आफ्राला सांगून ठेवलं आहे. तिचा विश्वास बसलाय. तू मात्र सोळालाच ये, आणि दवाखान्यात माझ्याजवळ थांब. मला फार भीती वाटते रे. हे पत्र तिला दाखवू नकोस.

तुझा,
बाबा