गेले म्हणजे कुठे

प्रिय धाकटे,

भाच्याचं पित्त कसं आहे? सूनबाईची पाठ? नातीचे पुढचे दात आले, की अजून सशाला 'थथा'च म्हणते? तुझं शेवटी विचारतो, तेवढं चालवून घे.

इकडे सगळं जागच्या जागी. संध्याकाळ झालीय, दिवा लावायला उठवत नाही. भिंतीपलीकडचे घड्याळजी तुला ठाऊकच आहेत. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि स्वतः कुठेच वेळेवर पोचले नाहीत! रोज याच सुमाराला भिंतीवर दोन टिचक्या मारायचे, म्हणजे मी बुद्धिबळाचा पट मांडायचा. वर्षभर त्यांचं एकच पालुपद, "थोरल्याकडे जायचंय हो, जरा हवापालट."

गेल्या सोमवारी टिचक्या आल्या नाहीत म्हणून दार ठोठावलं. सून बाहेर आली. म्हणाली, "काका, बाबा गेले." मी टाळीच वाजवली. "सुटले एकदाचे! मला न सांगता गेले, लबाड! परत कधी?" पोरीनं दार लावून घेतलं. मी घरी येऊन निवांत भात टाकला. दोन दिवसांनी इस्त्रीवाल्यानं सांगितलं, रविवारी दवाखान्यातच आटोपलं, तिथूनच सगळं उरकलं. मी त्या दिवशी बाहेरगावी होतो.

जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या तर डोक्यालाही नाही. माफी मागायला दोनदा दारापर्यंत जाऊन परतलो. तिसऱ्यांदा तिनंच दार उघडलं. म्हणाली, "काका, त्या दिवशी आमच्या दारात हसलेले तुम्ही एकटेच." रागानं म्हणाली की कसं, कळलं नाही. मला रडूही आलं नाही. दाढ काढल्यावर गाल बधिर होतो ना, आपलाच असून परका, तसा हिंडतोय.

त्यात काल आपल्या मामेभावाचा फोन. तो अर्धं बोलतो, अर्धं ऐकणाऱ्यावर सोडतो. "दादा, कळलं ना? ताई गेली." आणि फोन तुटला. तू लेकाकडे कायमची राहायला जाणार होतीस, तेच सांगत असणार. तसलं काही असतं तर भाच्यानं कळवलं नसतं का? कळतं गं मला. तरी चारदा फोन हातात घेतला आणि अर्धे आकडे दाबून खाली ठेवला. तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणी उचलला तर? पत्राला निदान चार दिवस लागतात. तेवढे चार दिवस तरी तू नव्या घरीच गेलेली असशील. पाकिटावर तुझं एकटीचं नाव घातलंय. तू कशी आहेस? अक्षर वाकडंतिकडं आलं तरी चालेल, पण लेकाला सांगू नकोस, तुझ्या हातानं लिही. लगेच लिही.

तुझाच,
दादा