जहाजाची दुसरी मोटर

भाऊजींना,

वहिनीचा आशीर्वाद, आणि पत्राच्या वरच्या अंगाला जे जे लिहायचं असतं ते सगळं लिहिलंय असं समजा. शाळेत मला तेवढंच शिकवलं होतं आणि तेही मी विसरले. तुमची तब्येत बरी असेल. नसती तर कळवलं असतंत. (तसं तुम्ही काहीच कळवत नाही, ते सोडा.) जाऊबाईंची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, वाकून लादी पुसू नकोस, लांब दांड्याचं घे. झाली चौकशी. आता नीट बसून वाचा, कारण माझ्या जिवाला घोर लागलाय, आणि मी हे लिहितेय तोवर तुमचे भाऊ पुढच्या खोलीत मोटरींना तेल पाजत बसलेत.

छातीत स्प्रिंग बसवून घरी आल्यापासून हे भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, ते मी आधी लिहिलंच होतं. जन्मभर दारं-खिडक्या केलेला माणूस, त्याला डॉक्टर म्हणाला जड उचलायचं नाही, पायऱ्यासुद्धा बेताने चढायच्या. मग एक दिवस आपले आपण उठले आणि लढाऊ जहाज करायला घेतलं. (तुम्ही फोनवर त्याला खेळणं म्हणालात आणि तेव्हापासून दोघांनी तोंडं फिरवलीत. चूक कुणाची ते मला विचारू नका, मी दोघांनाही धुवून काढीन.) खेळणं कसलं, माझ्यापेक्षा लांब आहे. बाहेर काढायला दाराची चौकट एका बाजूने उखडावी लागली, आणि ती चौकट ह्यांनीच बसवलेली, त्यामुळे निघता निघेना. तोफा आहेत, शिड्या आहेत, हातातल्या डब्यावरची दांडी हलवली की लांबूनच वळतं. लाकूडकाम असं की हात फिरवत बसावं. पण ह्यांना लाकूड कळतं, वीज कळत नाही. जहाज ढकलायला मागे पाण्यात दोन पितळी पाती, आणि ती फिरवायला दोन मोटरी. तिथे आमचं घोडं अडलं.

पहिल्या मोटरी भोकं पाडायच्या मशीनमधून काढल्या. टेबलावर लावल्या तर अशा किंचाळल्या की शेजारीण धावत आली, कुणाला भाजलं का म्हणून. हे खूश. मी म्हटलं, अहो, पाण्यात लावून बघा. तर म्हणे, मोटर ती मोटर, तिला काय कळतंय पाणी आहे की टेबल. कळलं तिला. पाण्यात नुसता फेस, जहाज जागचं हलेना, तारा गरम आणि घरभर जळका वास. मग हे एकदम दुसऱ्या टोकाला गेले. सुताराचं डोकं! जड दाराला जाड बिजागरी, तशी जड जहाजाला जोरकस मोटर. म्हणून गाडीची काच पुसायच्या मोटरी आणल्या. जोर असा की हाताने धरून थांबायच्या नाहीत, पण फिरायच्या कशा, तर भांड्यात डाव फिरवावा तशा. मी म्हटलं, ह्याने जहाज जाणार नाही, फार तर पाणी ढवळून निघेल. माझं कोण ऐकतंय? तेच लावून तलावावर नेलं.

तो तलाव बघितलाय ना तुम्ही, काठालाच माणूसभर खोल. जहाज निघालं, हळूहळू, अगदी वऱ्हाडासारखं, आणि आम्ही बघतोय तोच वारा सुटला. मोटरी फिरतायत, पाती फिरतायत, आणि जहाज आडवं होऊन मधोमध चाललंय. हे डब्याची दांडी दाबतायत, दाबतायत. मग डबा माझ्या हातात दिला, खाली बसले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले. भाऊजी, ह्या माणसाला पोहता येत नाही. तोंडावर तांब्या ओतला तरी श्वास कोंडतो. मी डबा टाकला आणि ह्यांच्या पायांवर बसले. (माझं वजन तुम्हाला माहीत आहे.) म्हणाले, सोड, बुडेल ते. मी म्हटलं, तुम्ही बुडाल. तर म्हणाले, मला आता तेवढं वजन कुठे राहिलंय. असं बोलतात. पुढे वाऱ्याचंच डोकं फिरलं आणि जहाज आपणहून पलीकडच्या गवताला लागलं. छत्रीच्या मुठीने मी ते ओढून काढलं. घरी आल्यावर हे पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपले.

म्हणून मीच भंगारवाल्याकडे गेले. त्याला सरळ सांगितलं, नुसता पळणारा नको, नुसता पैलवान नको, मधला दे. त्याने गाडीत आत हवा फेकणाऱ्या पंख्याची मोटर दिली. ह्यांनी ती हातात घेतली, फिरवली, कानाला लावली आणि उठून बसले. जहाजाचा मागचा भाग हौदात धरून लावली तर पाणी कसं सरळ मागे लोटलं! पण मोटर एकच. एका बाजूने ढकललं तर जहाज गोल गोल फिरतं, जोडीला तशीच दुसरी हवी. तीही मी मिळवली. दोन्ही बसल्यात. पण तलावावर अजून नेलेलं नाही, आणि रविवारी तिथेच, अशी जहाजं करणाऱ्या हौशी लोकांचं मंडळ आहे त्याचं, प्रदर्शन आहे. सगळ्यांदेखत जहाज तलावात मधोमध सोडलेल्या पिंपाला वळसा घालून परत आलं पाहिजे. अडकलेलं जहाज आणायला मंडळाची होडी असते, ती दुरुस्तीला गेलीय. जाऊ नका म्हणावं तर भिंत, जा म्हणावं तर पाणी. आणि काल म्हणाले, रविवारी बूट नको, चपला घालीन. का ते मी विचारलं नाही.

तुमच्याकडे जे मोठे असतील त्यांना नमस्कार, लहानांना पापा, वाटून घ्या.

तुमची वहिनी

ता.क. दुसरी मोटर कुठून आणली, असं विचाराल. पुढच्या महिन्यात नेतो म्हणून तुम्ही आमच्या अंगणात ठेवून गेलात ना, त्या तुमच्या गाडीतून काढली. समोरचं प्लास्टिक थोडं फाटलं आणि काही स्क्रू उरलेत, ते डबीत ठेवलेत. ह्यांना सांगितलंय की भंगारातली आहे.

ता.क. आणखी एक. राग आला असेल तर येऊ द्या. आधी दोन गोड पत्रं लिहिली, तेव्हा आला नाहीत. आता भांडायला या, पण रविवारी सकाळी तलावाच्या काठावर या आणि ह्यांच्या शेजारी उभं राहून भांडा. तिकडे दिवसभर परक्या पोरांना पोहायला शिकवता, एक दिवस आपल्या माणसाकडे लक्ष ठेवा. पोहायची चड्डी आतून घालूनच या, तिथे बदलायला जागा नाही.

ता.क. शेवटचं. भंगारवाल्याकडे तसल्या मोटरी पोतंभर पडल्यात. पण त्याला पोहता येत नाही. मी विचारलं.