धूर विरण्याचा वेळ

प्रिय स्वरूपा,

आजही तुला फोन लावला आणि तू उचलायच्या आत कापला. तोंडाने सांगवत नाही, म्हणून लिहिते आहे.

रावेतची नोकरी मी सोडली, एवढंच तुला माहीत आहे. का, ते तू विचारलं नाहीस; गणराज गेल्यापासून तू कुणालाच काही विचारत नाहीस. झालेला अपघात कॉम्प्युटरवर पुन्हा घडवून दाखवायचा, हे आमचं काम. एक दिवस चाकणच्या गोदामाच्या आगीची फाइल माझ्याकडे आली. रंगाची पिंपं, मागचं शटर... नकाशा पाहूनच मी ओळखलं. तिथे कामाला असलेला, त्या आगीत गेलेला गणराज आपला माणूस होता, हे मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये धूर म्हणजे लाखो बारीक कण. एकेक कण किती वेळ टिकून विरायचा, ते आपण ठरवायचं. काय काय जळालं ते पंचनाम्यात पाहून मी ते ठरवलं आणि चालवून बघितलं. बघता बघता गोदाम काळंठिक्कर झालं. आत उभा केलेला माणूस भिंत चाचपत भलत्याच बाजूला गेला. मी जागेवरच रडले गं. तेराव्याला माझा हात धरून तू म्हणाली होतीस, "दार एवढं जवळ होतं, मग हे पळाले का नाहीत?"

आमचे मॅनेजर, ज्योतीराम सर, मागे येऊन उभे राहिले. "धूर लवकर विरू दे. क्लायंटला दार दिसायला हवंय." क्लायंट म्हणजे गोदामाचे मालक. मी म्हटलं, "सर, रंग जळल्यावर धूर असा हटत नाही." ते हळूच म्हणाले, "अंजली, मला कळत नाही का? पण करावं लागेल." मी नाही केलं. संध्याकाळी माझा पासवर्ड बंद झाला, आणि धूर विरण्याच्या वेळेचा आकडा दुसऱ्या कुणीतरी बदलला. तुझ्या वकिलांनाही भेटून आले. मूळ फाइल हातात नसेल तर नुसत्या बोलण्याला कोर्टात कोण विचारतो, म्हणाले. फाइल माझ्याकडे नाही.

सोमवारी कोर्टात ती फिल्म लावणार आहेत. त्यात धूर भुर्रकन उडून जातो, दार लख्ख दिसतं, आणि एक माणूस त्याच्यासमोर नुसताच उभा राहतो. बाहेर पडता येत होतं, हाच थांबला, असं ते म्हणतील. लोकांना ते पटेलही. मला ते अडवता आलं नाही, आता कुणी अडवेल असंही वाटत नाही. पण तिथे बसून ते बघण्याआधी तुला एकीला तरी ठाऊक असू दे, स्वरूपा. गणराज थांबला नव्हता. तो दार शोधत होता.

तुझीच,
अंजली