नऊ इंचांचा दगड आणि मधले मॉडेल

चि. बारकू यास थोरल्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी प्रकृती उत्तम असेल असे गृहीत धरून पत्राला आरंभ करण्याची रीत आहे. परंतु ती उत्तम नाही, हे मला टपालवाल्याकडून कळले आहे. तू आता काठी घेऊन चालतोस आणि पायरी उतरताना आधी उजवा पाय टाकतोस, असे त्याने सांगितले. (एवढा तपशील मी विचारला नव्हता. दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगितला.) इकडे माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, उजव्याचा अजून पिकायचा आहे, रक्तदाब गोळीचे ऐकतो, तुझी वहिनी माझे ऐकत नाही, म्हणजे एकंदरीत सर्व पूर्ववत आहे. चि. सौ. धाकटीस आशीर्वाद सांगावेत. चार वर्षांनी पत्र आले की माणूस आधी शेवट वाचतो. तू तसे करू नयेस, कारण विषय तांत्रिक असून क्रमाने वाचल्यासच कळण्यासारखा आहे.

विषय असा की, मी पिकअप जातीचे वाहन घेण्याचा विचार करीत असून त्याच्या तीन मॉडेलांपैकी खडतर रस्त्यास कोणते योग्य, याचा गेले दोन महिने अभ्यास करीत आहे. अभ्यासाचे कारण तुला ठाऊक आहे. तुझ्या घराकडे चढणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या शेवटच्या वळणावर, चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात दरडीतून जो दगड सुटून आला, तो अद्याप तेथेच आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला उतार. बगल देण्यास जागा नाही. टपालवाल्याची मोटारसायकल कडेने निसटते, चारचाकी थांबते. रस्ता आपल्या दोघांच्या नावे असल्यामुळे सरकार त्याला हात लावीत नाही, आणि आपण दोघे असल्यामुळे आपणही लावलेला नाही. त्या दगडाची लांबी साडेतीन फूट, रुंदी दोन फूट आणि जमिनीपासूनची उंची बरोबर नऊ इंच आहे. ही मापे मला कशी ठाऊक, असा प्रश्न तुझ्या मनात येईल. त्याचे उत्तर यथावकाश देईन.

आपल्या जुन्या छोट्या गाडीचे पोट जमिनीपासून सहा इंचांवर आहे. सबब मी शोरूममध्ये गेलो. तेथील विक्रेती मुलगी सालस आहे, परंतु तिने हाती दिलेल्या माहितीपत्रकात मला पहिल्याच पानावर सतरा चुका सापडल्या. त्या दुरुस्त करून मी पत्रक तिला परत दिले, तेव्हा ती म्हणाली, "काका, आवडली का गाडी?" मी म्हणालो, गाडी अजून पाहिलेली नाही. (छापखान्यात एकेचाळीस वर्षे मुद्रिते तपासली, बारकू. माझ्या हाती कागद आला की त्यात काय म्हटले आहे, हे मला सर्वांत शेवटी दिसते. ही खोड आहे हे मान्य. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.)

माहितीपत्रकातील आकड्यांवर माझा विश्वास बसेना, कारण जो मनुष्य विरामचिन्हांत निष्काळजी असतो तो इंचांत काळजी घेईल याची हमी काय? म्हणून दुसऱ्या खेपेस मी घरून दगड नेला. म्हणजे दगडाची प्रतिकृती. शब्दकोशाचे दोन खंड आणि त्यावर एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी ठेवली की बरोबर नऊ इंच भरतात. तो गठ्ठा सुतळीने बांधून मी एकेका गाडीखालून सरकवून पाहिला. त्यासाठी फरशीवर पालथे पडावे लागले. व्यवस्थापक धावत आला आणि त्याने विक्रेतीस विचारले, "काकांना चक्कर आली का?" ती म्हणाली, "नाही सर, ते मोजतायत." त्यानंतर माझ्या डोक्याखाली कोणीतरी अत्यंत आदराने उशी आणून ठेवली, आणि मी ती नाकारली नाही.

आता निष्कर्ष. बेस मॉडेलखालून शब्दकोश जेमतेम निसटतो, परंतु त्याची केवळ मागची दोन चाके ओढतात. चिखलात आणि चढावर असे वाहन म्हणजे ज्या घरात दोघेच राबतात आणि दोघे नुसते सोबत येतात, तसे. टॉप मॉडेल पाहून डोळे दिपतात. कातडी आसने आहेत, छताला काचेची खिडकी आहे, आरशाएवढा पडदा आहे, आणि नाकाखाली एक कॅमेरा आहे, ज्यात समोरचा दगड स्वच्छ दिसतो. दिसतो, आणि मग लागतो. कारण गाडीत चढणे-उतरणे सुलभ व्हावे म्हणून दोन्ही बाजूंस ज्या चकचकीत पायऱ्या लावल्या आहेत, त्या पोटापेक्षा खाली आल्या आहेत. टेलिफोन डिरेक्टरीचे मुखपृष्ठ तेथेच फाटले. शिवाय चाके मोठी व देखणी असली तरी टायरांची जाडी बोटभर, म्हणजे धारदार खड्यावर पहिल्याच दिवशी शोक करावा लागेल अशी. जितके अधिक मोजावे तितके वाहन खडतर रस्त्यास अधिक नालायक होत जाते, हे मला नवे होते. मुलगी मात्र प्रामाणिक निघाली. ती हळूच म्हणाली, "काका, टॉप मॉडेल घेणारे दगडावर जातच नाहीत."

मधले मॉडेल दिसायला सामान्य आहे. आसने कापडी. परंतु चारही चाके ओढतात, टायर गुबगुबीत आहेत, इंजिनाखाली पोलादी पत्रा आहे, पायऱ्या नाहीत, आणि शब्दकोश खालून असा गेला की वर बोटभर जागा उरली. शिवाय त्यात डिफरेन्शियल लॉक नावाचे एक बटण आहे. ते काय, हे मला शोरूमच्या मागील मोकळ्या जागेत कळले. तेथे मातीचे उंचवटे केले आहेत आणि गाडी फिरवून दाखविण्यासाठी एक चालक ठेवला आहे. पन्नाशीचा, मितभाषी, हाताला घट्टे. त्याने मला शेजारी बसवून, पुढच्या चाकांची ओढ बंद ठेवून गाडी उंचवट्यावर तिरपी घातली. एक मागचे चाक अधांतरी उचलले गेले आणि गरगर फिरू लागले. दुसरे जमिनीवर होते, ते स्वस्थ. गाडी जागची हलेना. मी म्हणालो, बिघडली. तो म्हणाला, "बिघडली नाही आजोबा. जोर नेहमी हलक्या चाकाकडे पळतो. वरचं कितीही फिरलं तरी नुसता आवाज. खालच्याला बरोबर घेतल्याशिवाय गाडी पुढे जात नाही." असे म्हणून त्याने बटण दाबले, दोन्ही चाके एका गतीने फिरू लागली, आणि गाडी कुरकुर न करता उंचवटा ओलांडून गेली.

बारकू, मी त्याला तोच उंचवटा पुन्हा दोनदा ओलांडायला लावला. (चालकास वाटले गाडी पसंत पडली.) मला तुझे चार वर्षांपूर्वीचे पत्र आठवत होते. चारच ओळी होत्या. "दादा, शेवटच्या वळणावर दगड आलाय. एकट्याला हलत नाही. तू आलास तर होईल. कधी येतोस". ते पत्र आले तेव्हा मी हाती लाल पेन्सिल घेऊन बसलो होतो. मी त्यात सहा दुरुस्त्या केल्या, समासात दोन सूचना लिहिल्या, आणि तुझ्या उपयोगी पडेल अशा प्रामाणिक समजुतीने ते उलट टपाली तुला परत पाठविले. शेवटचे प्रश्नचिन्ह तू विसरला होतास; ते मी घातले. उत्तर मात्र दिले नाही. उत्तर द्यायचे राहिले आहे हे माझ्या ध्यानात पंधरा दिवसांनी आले, आणि तोवर तू गप्प झाला होतास. मग मीही मानाने गप्प झालो. चार वर्षे मी अधांतरी फिरतो आहे आणि आवाज पुष्कळ केला आहे.

चालकाने परतताना विचारले, "पण नेमकं जायचंय कुठे?" मी त्याला दगड मापांसह सांगितला. तो हसला नाही. एवढेच म्हणाला, "नऊ इंचांसाठी एवढी गाडी कशाला? दोन माणसं, एक पहार, अर्ध्या तासाचं काम." मी म्हणालो, पहार मिळेल, दोन माणसे हीच अडचण आहे.

असो. सर्व बाजूंनी विचार करता मधले मॉडेलच सर्वोत्तम, असे माझे मत झाले आहे. त्या रस्त्यावर प्रत्यक्ष राहणारा म्हणून तुझा अभिप्राय कळवावास. गुडघ्याला थंडी लावू नये.

तुझा,
दादा

ता. क. : वाहन घेत नाही. उजव्या डोळ्याचे काम होईपर्यंत मी कोणतेही वाहन चालवायचे नाही, असे डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच बजावले आहे. म्हणजे अभ्यास सुरू करण्याच्या आदल्या दिवशी. शोरूममधील मुलीस हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं, काका. पण तुम्ही मन लावून मोजत होतात."

दुसरा ता. क. : मापे मला ठाऊक आहेत, कारण डोळा चांगला असताना मी पाच वेळा त्या दगडापर्यंत येऊन गेलो. टेप काढायचा, मोजायचे, तुझ्या घराचा पत्रा दिसतो का पाहायचे, आणि परतायचे. हे मी काल तुझ्या वहिनीस सांगितले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दगड गाडीला अडवतो. तुम्ही काय चार चाकांवर चालता? नऊ इंच म्हणजे आपल्या न्हाणीचा उंबरठा. रोज ओलांडता की." 

तिसरा ता. क. (आणि पत्र एवढ्यासाठीच) : तुझ्या प्रश्नाचे उत्तर : रविवारी. सकाळी नऊपर्यंत वळणावर असेन. त्या चालकास रविवारी सुट्टी असते, तो मला त्याच्या गाडीतून सोडणार आहे. पहारीला हातही लावतो म्हणाला. मी नको म्हणालो, दगड आमच्या दोघांचा आहे. पहार विकत आणली आहे. तुला काहीही उचलायचे नाही. मी पहार दाबीन, दगड किंचित वर आला की तू काठीने त्याखाली एक धोंडा सरकवायचास, एवढेच. नाही हलला, तर मी तो ओलांडून येईन. तू वळणावर दिसला नाहीस, तरी ओलांडून येईन.

शेवटचे : हे पत्र मी पुन्हा वाचून पाहिलेले नाही. वाचले असते तर पाठविले नसते. चुका सापडतील. लाल पेन्सिल सोबत पाठवीत आहे.