तुळशीतली माती

वरवट बकाल

पुष्पाताई,

काल फोनवर तू हासत म्हणली, "गजेंद्र, बाबाच्या वावरातल्या मातीत तुळस कशी फोफावली पाह्य!" मी नुसतं हाव म्हटलं.

ताई, ती माती आपली नाई. दर आखाजीच्या सणाले माहेरी आली की तुले कुंडीसाठी थैलीभर लागते, म्हणून औंदा म्या शेजारच्या निवृत्तीकाकाच्या वावरातून आणून ठेवली होती.

बाबा पावसावरच पेरत. "जमिनीतलं पाणी खारं हाये, वावराले पाजू नको," म्हणत. ते गेल्यावर म्या बोअर मारला. दोन वर्सं कांदा झकास आला. मंग मिठाचा पांढरा थर वर आला. आता वावर सिमीटावानी टणक झालं. पाऊस पडला तरी आत मुरत नाई, वरच साचून वाळते. तरोट्याचं तनसुद्धा उगवत नाई.

हे लिहून राह्यलो, पण धाडायची हिंमत नाई. कारण मांगच्या साली थैलीत आपलीच माती होती. तुळस आठ दिवसांत जळाली. तू फोनवर रडली, म्हणली, "माझ्याच हातून काही चुकलं असीन."

मी तवाही नुसतं हाव म्हटलं.

तुझा भाऊ,
गजेंद्र